मागची खोली

ईरी शहरात, सरोवराच्या काठी, नोव्हेंबर सरता सरता
बर्फ असा पडतो की रस्त्याला रस्ता सापडत नाही.
त्या दिवसांत बर्नडीन झवाड्स्की
दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर, पार टोकाला,
लेअवेच्या काउंटरवर उभी असे.
एकोणीस वर्षं.

काम साधं.
वस्तू निवडायची, पाच डॉलर ठेवायचे,
वस्तू मागच्या खोलीत जाणार,
तुम्ही तुमच्या घरी.
मग दर शुक्रवारी पगाराच्या पाकिटातून
दोन डॉलर, तीन, कधी नुसती चिल्लर,
आणि गुलाबी पावतीवर निळा शिक्का.
शेवटचा डॉलर पडला की वस्तू तुमची.

त्या खोलीत काय नव्हतं!
घसरगाड्या, इस्त्र्या, डोळे मिटणाऱ्या बाहुल्या,
कुणाचं तरी ट्रम्पेट,
सगळं गळ्यात नंबर घालून
ऑगस्टपासून गप्प बसलेलं.

ओडेसा प्रुइट पैसे नसले तरी यायची,
कारखान्यातली पाळी संपवून, बुटांना बर्फ.
"आज भरायला काही नाही. नुसतं दाखव."
बर्नडीन खोकं आणायची, झाकण उचलायची.
दोघी बघायच्या: शिवणयंत्र, काळंभोर,
अंगावर सोनेरी वेल.
ओडेसा चाकाला एक बोट लावायची,
फिरवायची नाही.
"आहे ना. बरं."
आणि पुन्हा बर्फात.

सगळं गोडच होतं असं नाही.
एका बापाने उन्हाळ्यात राखून ठेवलेला हिरवा कोट
नाताळच्या आठवड्यात सोडवला,
तोवर पोराचे हात बाहीतून चार बोटं बाहेर.
मोठं माप सात डॉलरने महाग.
बाप उभा राहिला, ओठांतल्या ओठांत हिशेब करत,
आणि पोरगं म्हणालं, "मला थंडी वाजतच नाही."
बर्नडीनला ते वाक्य अजून मधेच ऐकू येतं,
भांडी घासताना वगैरे.

आता दुकान नाही.
त्या जागी आधी जिम झाली, मग काहीच नाही.
बर्नडीनची लेक कॅमिल
सोफ्यावर पाय दुमडून अंगठ्याने बाजार करते.
"चार हप्ते, मॉम, व्याज शून्य."
वस्तू परवा दारात, पैसे मागाहून.
ऋण काढून सण पूर्वीही होतेच,
पण इतके गुळगुळीत नव्हते;
कुणाच्या तरी समोर उभं राहावं लागायचं.
ऑक्टोबरात दालचिनीच्या वासाची मेणबत्ती आली.
ती जळून संपली, काचेला काजळी धरली,
हप्ते अजून दोन बाकी.
त्या ग्लासात बर्नडीन आता सुटी बटणं ठेवते.
शर्टाला बटण लावलं की
शर्टाला दालचिनीचा वास.

ती लेकीला काही बोलत नाही.
बोलून काय,
तिच्याही कपाटात न घातलेले दोन स्वेटर आहेत.
पण रात्री कधी तिला ती मागची खोली दिसते:
फळ्यांवर वस्तू नाहीत आता,
पुढच्या महिन्यांचे पगार बसलेत,
गळ्यात नंबर घालून.

यंदा तेवीस तारखेला वादळ आलं.
कॅमिलने मुलासाठी मागवलेली दुर्बीण
बफेलोच्या अलीकडे कुठेतरी अडकली.
रात्री अकराला स्वयंपाकघरात दिवा.
फोनवर नकाशा, पांढऱ्यावर एक निळा ठिपका.
हलत नाही.
कॅमिल पाच मिनिटांनी पुन्हा बघते.
मग तीन मिनिटांनी.

बर्नडीन चष्मा शोधते, खुर्ची ओढते.
"दाखव."
दोघी बघतात.
कॅमिल ठिपक्यावर बोट टेकवते, अलगद,
जणू तो दाबला तर विझेल.
बाहेर बर्फाची गाडी खरवडत जाते
आणि तिच्यामागे रस्ता परत पांढरा होतो.

"आहे ना," बर्नडीन म्हणते.
"बरं."